धपाटं फराळात धरायचं की जेवणात

आंध्राच्या किनाऱ्यावर वादळ धडकणार, मच्छीमारांनी होड्या वर ओढून ठेवल्या, बंदरावर कसला तरी बावटा चढवला, अशा बातम्या मोबाईलवर येत होत्या, तेव्हा आमच्या घरी दहा माणसांना पुरतील एवढे पोहे निवडणं चाललं होतं. दुसऱ्या दिवशी मला बघायला पाहुणे येणार होते. आईनं एकदा भीत भीत विचारून पाहिलं, "पुढच्या रविवारी बोलवावं का त्यांना? वादळ येऊन राहिलंय म्हणतात." त्यावर बाबा इतक्या मोठ्यानं हसले, की शेजारच्या काकूंनी भिंतीपलीकडून काय झालं म्हणून विचारलं.

"समुद्र कुठं अन् नायगाव कुठं! आयुष्यभर एस.टी. चालवली मी. मला कुठं आडवा आला न्हाई समुद्र."

बाबांनी समुद्र कधी पाहिलेलाच नव्हता. पाहिला नाही म्हणजे तो आपल्याला काही करणार नाही, असा त्यांचा सरळ हिशेब. एकट्या त्यांना तरी कशाला बोलायचं? आमच्याकडं सगळ्यांचंच असं आहे. वादळ ही किनाऱ्यावरच्या लोकांची भानगड, आपल्याला फार तर दोन ढग. दर दोन-तीन वर्षांनी ते वादळ जमिनीवर येऊन, दम टाकत टाकत नांदेडपर्यंत पोचतं, सगळं पाणी आमच्या डोक्यावर ओततं, आणि आम्ही दर वेळी नव्यानं आश्चर्य करतो.

आमचं गाव नायगावपासून थोडं आत. मधे एक ओढा, ओढ्यावर बुटका पूल. मी गावातल्याच आरोग्य उपकेंद्रात कंत्राटी नर्स होते. वय एकोणतीस, म्हणजे गावाच्या भाषेत घोडनवरी. बघायला येणारी ही सातवी मंडळी. आधीच्या सहांपैकी तिघांनी मला नाही म्हटलं होतं आणि तिघांना मी. म्हणजे सामना बरोबरीत सुटलेला होता.

माझी एकच अट होती. मी एकुलती एक. आईला एका डोळ्यानं जवळजवळ दिसत नाही, बाबांचे गुडघे एस.टी.च्या क्लचनं खाल्ले. लग्न झालं तरी हे दोघं माझ्याजवळ राहतील, हे ज्याला चालेल त्याच्याशीच मी लग्न करणार. पण ही अट तोंडातून काढायची नाही, असं बाबांनी मला बजावून ठेवलं होतं. "पोरीच्या घरी जाऊन राहिलेला बाप म्हणून मला कुणी ओळखावं, एवढी वेळ आली न्हाई माझ्यावर. सोयरीक मोडायचा धंदा बंद कर." आणि बघायला येणारी मंडळी थांबतात किती वेळ? अर्धा तास. नाव काय, शिक्षण किती, स्वयंपाक येतो का, झालं. त्या अर्ध्या तासात माझी अट घशातच राहायची आणि मग आठ दिवस मी घरात भांडी आपटायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी, झिमझिम सुरू झालेली असताना, दारात ऑटो थांबला आणि त्यातून दोनच माणसं उतरली. आई ऑटोच्या आत वाकून बघायला लागली, अजून कुणी मागं राहिलंय का म्हणून. मुलगा आणि त्याचे मामा, संपले पाहुणे. दहा जणांचे भिजवलेले पोहे आत परातीत फुगत होते.

मामा साठीच्या पुढचे, काटक, गळ्यात मफलर, मूळचे उदगीरकडचे. कोर्टात बेलीफ होते, आता निवृत्त. त्यामुळं साधं पाणी मागतानाही ते समन्स बजावल्यासारखं मागायचे. मुलाचं लातूरला मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं, म्हणजे जळालेल्या पंपाच्या मोटारीत तांब्याची तार नव्यानं गुंडाळून द्यायची. बोलायला अगदी बेताचा. दोघांनी भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीला हात जोडले आणि सतरंजीवर बसले. मी पोह्यांच्या बशा घेऊन आले. मामांनी नाव विचारलं, शिक्षण विचारलं, आणि मग चष्म्यावरून माझ्याकडं रोखून बघत म्हणाले, "म्हाताऱ्या माणसाचं करायला आवडतं का?"

झालं! माझ्या अंगाचा तिळपापड. म्हटलं, यांना सून नको आहे, फुकटची नर्स पाहिजे आहे. "आवडीचं काय त्यात," मी म्हणाले, "ती माझी नोकरीच आहे." बाबांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी बशा उचलून आत गेले. मनात म्हटलं, चला, सातवेही गेले.

गेले असते तर हे सगळं सांगायला मी बसलेच नसते. त्यांचा चहा संपायच्या आत आभाळ फाटलं. झिमझिम म्हणून आलेला पाऊस पत्र्यावर असा उतरला, की समोरासमोर बसलेल्या माणसांचं बोलणं ऐकू येईना. परत न्यायला येतो म्हणून गेलेल्या ऑटोवाल्याचा फोन आला, की पुलावरून पाणी चाललंय, आता उद्याचं उद्या. बाबा अंगणात जाऊन आभाळाकडं बघत उभे राहिले. आई त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाली, "आला का तुमचा समुद्र?"

पाहुणे अडकले म्हणजे जेवण करायलाच पाहिजे. आईनं कुकर काढला. तेवढ्यात मामांनी हात वर केला. "जेवणाचं करू नका. पसंती कळवल्याबिगर मी पोरीच्या घरात ताटावर बसत न्हाई."

ही आमच्याकडची जुनी पद्धत. सोयरीक पक्की होईपर्यंत मुलीच्या घरचा चहा घ्यायचा, पोहे खायचे, पण ताट घ्यायचं नाही. ताटावर बसलात म्हणजे होकार दिलात. पण असं अडकून पडल्यावर ती पद्धत कोण पाळतं?

बाबा म्हणाले, "आपण मुहूर्त सोडले, पत्रिका सोडल्या, ही रीत कामून धरून बसलात?"

"रीत न्हाई, शिस्त हाय ही," मामा म्हणाले. "जेवलं की माणूस मिंधं होतंय. मिंधं झालं की न्हाई म्हणायला जीभ वळत न्हाई. मग पोरगंबी फसतंय अन् पोरगीबी फसती."

हे ऐकून मला आत स्वयंपाकघरात जरा ठसका लागला, कारण म्हातारा चुकीचं बोलत नव्हता. आईनं दारातून विचारलं, "मग फराळ तर चालंल ना?"

"फराळाला हरकत न्हाई," मामांनी निकाल दिला.

या एका वाक्यावर आमच्या घराचे पुढचे दोन दिवस चालले. संध्याकाळी मुरमुऱ्यांचा सुशीला झाला, भरपूर शेंगदाणे घालून. मुलगी असलेल्या घरात पाहुणे झोपवायचे कसे, म्हणून बाबा गोधड्या प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून त्यांना समोरच्या विहारात पोचवून आले. सकाळी पाहुणे परत हजर. पाऊस तसाच, वीज गेलेली, आणि ओढ्यावरचा पूल तर दिसतच नाही, असा निरोप. मग उप्पीट झालं. उप्पिटानंतर भाजलेल्या शेंगा. शेंगांनंतर कांद्याची भजी. पाहुणे ताटावर बसत नाहीत म्हटल्यावर यजमानांनी कसं बसायचं? त्यामुळं बाबाही फराळावर. कालपासून भाकरी नाही म्हणून त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. मधेच ते "बघतो जरा गळतं का" असं म्हणून स्वयंपाकघरात यायचे आणि दाराआड उभ्यानं भाकरीचा तुकडा चटणीला लावून खायचे. तोंड पुसून परत बाहेर जाऊन पाहुण्यांशी पावसाबद्दल बोलायचे.

दुपारी आईचा संयम सुटला. तिनं धपाटी थापायला घेतली. ज्वारीचं पीठ, कांदा, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर. तव्यावर पहिलं धपाटं पडलं आणि ओल्या हवेत त्याचा असा वास सुटला, की शेजारच्या काकू छत्री न घेताच आल्या. आईनं बशीत (ताटात नाही, बशीत!) धपाटं ठेवून ते मामांसमोर सरकवलं.

"हे काय?"

"फराळाचं हाय, भाऊ."

"धपाटं हाय हे."

"मग? लोक प्रवासात बांधून नेतात. प्रवासात नेतात ते फराळच."

मामांनी बशी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. मला वाटलं आता पंचनामा लिहितात की काय. "पिठाचं हाय, तव्यावरचं हाय, अन् हातानं मोडून खायचं हाय. जेवणात धरावं लागतंय."

"अन् सकाळी खाल्लं ते उप्पीट?" बाबा पेटले.

"ते रव्याचं."

"रवा काय झाडाला लागतो का हो? त्याचंबी पीठच की!"

काकू म्हणाल्या, दह्याबरोबर खाल्लं तर जेवण, नुसतं खाल्लं तर फराळ. मामा म्हणाले, दह्याचा इथं संबंध येत नाही. अर्धा तास ही सुनावणी चालली. तेवढ्या वेळात तो मुलगा त्या धपाट्याकडं बघत होता. काय बघणं होतं ते! एकदा मामांकडं, एकदा धपाट्याकडं, आणि मग गुपचूप मान खाली घालून शेंगांची फोलं गोळा करायला लागला. माझ्या मनात त्याच्याबद्दल पहिल्यांदा काही हललं असेल तर ते तेव्हा. शेवटी धपाट्याची बशी आत परत आली.

बशी उचलताना मला मामांच्या कपाळावर घाम दिसला. गारठ्यानं आम्ही शाली पांघरून बसलेलो आणि या माणसाला घाम. "साखर आहे का तुम्हाला?" मी विचारलं. आहे म्हणाले. गोळ्या? एका दिवसाच्याच आणल्या होत्या. सकाळची चुकली. आणि वर हे असं अर्धपोटी राहणं.

मग मात्र मी पाहुणे-बिहुणे काही बघितलं नाही. "अक्कल आहे का काही? साखरेचा माणूस, गोळी नाही, पोटात धड अन्न नाही, आणि शिस्त सांगता? इथं चक्कर येऊन पडलात तर ओढा ओलांडून तुम्हाला नायगावला कोण नेणार, तुमची शिस्त नेणार का?" आईनं डोक्याला हात लावला. मी त्यांच्या तोंडात आधी गुळाचा खडा दिला, उरलेले सगळे पोहे समोर ठेवले आणि ते संपेपर्यंत समोर उभी राहिले. मामा मुकाट्यानं खात होते. शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा चेहरा झाला होता त्यांचा.

घाम ओसरला, रंग परत आला. पण गोळ्या आणि साखर तपासायचं यंत्र उपकेंद्रातून आणायलाच हवं होतं. लसींचा फ्रीजही विजेशिवाय कसा आहे ते बघायचं होतं. आई म्हणाली, येताना मुरमुरे आण, पोहे संपले. मी निघाले तर मुलगा उठून उभा राहिला. "मी येतो. पिशवी धरायला." बाबांनी मामांकडं बघितलं, मामांनी बाबांकडं. आई म्हणाली, "जा की. दिवसाढवळ्या गावातून जायचं, त्यात काय!"

छत्रीचा काही उपयोग नव्हता. खताच्या रिकाम्या पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खोचून डोक्यावरून घ्यायची खोळ करतात, ती मी दोन केल्या. त्याला ती धड घेता येईना, पुन्हा पुन्हा डोळ्यांवर यायची. मीच ती नीट बसवून दिली. गल्लीत गुडघ्याएवढं गढूळ पाणी. प्रत्येक ओसरीवर माणसं बसलेली आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न, "जेवले का मामा?" सगळ्या गावाला कळलं होतं. दुकानदार तर मुरमुऱ्यांचा रिकामा डबा आमच्यापुढं उलटा करून म्हणाला, "होते नव्हते ते सगळे तुमच्याच घरी गेले, सिस्टर. आता मामांना जेवायला लावा, न्हाईतर गावात भेळ मिळणार न्हाई." मी लाजेनं अर्धी झाले आणि हा शेजारी उभा राहून चक्क हसत होता. हसला की बरा दिसायचा.

वाटेत एका काकूंनी हाक मारून वाटीभर पोहे पिशवीत ओतले, पुढच्या घरातून चिवडा आला, त्याच्या पुढच्या घरातून लाह्या. उपकेंद्रापर्यंत पिशवी भरली. पैसे द्यायला गेले तर सगळ्यांनी मला हाकलून दिलं.

फ्रीज ठीक होता, आतला बर्फ टिकून होता. गोळ्या घेतल्या, यंत्र घेतलं. तेवढ्यात पावसानं पुन्हा असा जोर धरला, की व्हरांड्यात थांबणं भाग पडलं. तो पिशवी पोटाशी धरून उभा. मी म्हटलं, हाच अर्धा तास आहे, आणि इथं बाबा नाहीत.

"हे बघा," मी म्हणाले, "मी एकटीच आहे आई-बाबांना. लग्न झालं तरी ते माझ्याजवळच राहणार. महिना दोन महिने नाही, कायम. हे चालणार असेल तर होकार कळवा. नसेल तर आत्ताच सांगा, म्हणजे मी उद्यापासून पोहे निवडायची नाही."

बोलले आणि जीव हलका झाला. दोन वर्षं अडकलेलं होतं ते. त्यानं पावसाकडं बघितलं आणि म्हणाला, "मामांना विचारावं लागंल."

"वय काय तुमचं?"

"बत्तीस."

"बत्तीस वर्षांचा माणूस मामांना विचारून श्वास घेतो का?"

"तसं न्हाई, तुम्ही ऐका तर—"

मी कशाला ऐकते! खोळ डोक्यावर ओढली आणि भर पावसात उतरले. रागात पाय असा टाकला, की एक चप्पल चिखलात रुतली, सुटली आणि पाण्याबरोबर निघाली. मी बघतच राहिले. तो मागून धावत आला, पिशवी डोक्यावर धरून, त्या चपलेच्या मागं मारुतीच्या पारापर्यंत गेला आणि चप्पल घेऊन परत आला. मला चप्पल दिली. मग खाली बघितलं तर त्याच्या स्वतःच्या दोन्ही चपला गेलेल्या. पोहे मात्र कोरडे होते.

मला हसू आलं. खूप आलं. पण मी ते दाबलं, कारण मामांना विचारणारा नवरा मला नको होता.

घरी येऊन मामांची साखर तपासली. यंत्रातला आकडा बघून मी पुन्हा एकदा त्यांना झाडलं. ते बोट पुढं करून बसले होते. म्हणाले, "मला कुणी रागावून लई वर्षं झाली." मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "ह्याची आई, माझी बहीण, हा सहा वर्षांचा असताना गेली. बापानं दुसरं घर केलं. मीच भाकऱ्या थापून वाढवला ह्याला. पहिल्या भाकऱ्या नकाशासारख्या व्हायच्या. तशाच खाल्ल्या यानं." मला त्या माणसाची दया आली आणि राग काही जाईना. संध्याकाळी सगळ्यांनी गावभरचा फराळ खाल्ला. बाबा आणि मामा गळत्या पत्र्याखाली पातेली मांडत फिरत होते आणि कुठल्या आगाराच्या गाड्या चांगल्या यावर वाद घालत होते. दोन दिवसांत त्यांचं एकमेकांवाचून पान हलेना झालं होतं. मी आईला हळूच सांगितलं, "आशा धरू नको. जमणार नाही हे." आई चांगल्या डोळ्यानं माझ्याकडं बघत राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन. धुऊन काढल्यासारखं आभाळ, सगळ्या गावाचे कपडे-गोधड्या कुंपणावर, आणि ऑटोवाल्याचा फोन, पूल मोकळा झाला, येतो. पाहुण्यांनी विहारातल्या गोधड्या घडी घालून परत आणून दिल्या. मुलाच्या पायात बाबांच्या जुन्या चपला. मामांनी मफलर गळ्याभोवती घेतला, उंबऱ्यापर्यंत गेले आणि थांबले.

"पाव्हणं, एक विचारायचं ऱ्हायलं. पोरीनं काल पोराला अट घातली म्हणं."

बाबांनी माझ्याकडं बघितलं. असा चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता. रागाचा असता तर परवडला असता. भर वस्तीत अंगावरचं धोतर ओढल्यासारखे ते उभे होते. "मनावर घेऊ नका," ते म्हणाले, "पोर येडी हाय. आमचं आम्ही बघू. आम्ही काय कुणाच्या—"

"येडी न्हाई," मामा म्हणाले. "ऐका आता. ह्याच्यासाठी पाच पोरी बघितल्या मी. सगळीकडं शेवटी एकच सवाल, हे मामा कायम तुमच्यातच राहणार का? मी म्हणायचो, मी जातो उदगीरला. हा म्हणायचा, मामा कुठं जात न्हाई. तिथंच मोडायचं. म्हणून मी आल्या आल्या हिला विचारलं, म्हाताऱ्या माणसाचं करायला आवडतं का. ती भडकली. मी म्हटलं, हितंबी तेच. मग काल विहारात ह्यानं सांगितलं, की तिचीबी तीच अट हाय जी माझी हाय. पण घर तुमचं हाय मामा, घरात अजून दोन म्हातारी आली तर तुम्हाला चालतं का, ते आधी तुम्हाला विचारायला पाहिजे."

मी भिंतीला टेकले. मामांना विचारावं लागेल म्हणजे हे! आणि मी त्या माणसाला पावसात सोडून आले होते. लाज वाटली, आणि त्या लाजेच्या खालून असा आनंद वर यायला लागला, की मला तो कुठं ठेवावा कळेना.

मामा बाबांसमोर जाऊन उभे राहिले. "पाव्हणं, तुम्हाला भाकर लागती का चपाती?"

बाबांनी खुंटीला हात टेकला. "भाकर."

"ज्वारीची?"

"ज्वारीचीच."

"मग जमलं. मलाबी तीच लागती. येगळा तवा नको." त्यांनी गळ्यातला मफलर काढला, घडी घालून बाजूला ठेवला आणि उंबऱ्यातून परत येऊन भिंतीशी मांडी घालून बसले. "वहिनी, ताट वाढा."

काकू दारातच होत्या, त्या "अगं बाई!" म्हणून ओरडल्या आणि सगळ्या गल्लीला सांगायला पळाल्या. आई मात्र जागची हलली नाही. दोन दिवस ती फराळच करत राहिली होती. आता पदर खोचून म्हणाली, "ताट वाढते, भाऊ. पण वाढायचं की न्हाई ते माझ्या पोरीला कुणी विचारलं का?"

सगळे माझ्याकडं वळले. मुलगा बाबांच्या ढगळ चपलांत उभा होता. "मी विचारणार होतो," तो म्हणाला, "पण यांनी ऐकून कुठं घेतलं?"

मी आत गेले. काल मामांनी परत पाठवलेली धपाटी टोपल्यात फडक्याखाली होती. ती तव्यावर गरम केली, दोन ताटं घेतली, त्यात दही वाढलं, शेंगदाण्याची चटणी वाढली. घाईत थोडं दही ताटाबाहेर पडलं. बाहेर येऊन मी मामांसमोर एक ताट ठेवलं. दुसरं हातात धरून त्याच्यासमोर उभी राहिले.

"हे फराळात धरायचं की जेवणात?" मी विचारलं.

त्यानं मामांकडं बघितलं नाही. "जेवणात," म्हणाला.

मी ताट खाली ठेवलं. तो बसला आणि मान वर न करता असा जेवायला लागला, की आई तोंडाला पदर लावून हसायला लागली. हसता हसता तिच्या चांगल्या डोळ्यातून आणि वाईट डोळ्यातूनही पाणी वाहत होतं.

बाबा अजून उभेच होते, खुंटीला हात लावून. आई म्हणाली, "तुम्ही काय पाहुणे आहात का? बसा की." ते गुडघ्यावर हात देत देत हळूहळू मामांच्या शेजारी बसले. मामांनी आपल्या ताटातलं अर्धं धपाटं मोडून त्यांच्या हातात दिलं. बाबांनी ते घेतलं, पण तोंडात घातलं नाही. मग अगदी हळू आवाजात, आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला काही मागत असल्यासारखं, त्यांनी विचारलं,

"मामा, तुमच्या घराला पायऱ्या किती हो?"

"तीन," मामा म्हणाले. "पोरगा उतार करून दील."

बाबांनी घास घेतला. मी त्यांच्यासाठी ताट आणायला आत गेले.